"सर, गुडघा गरम लागतोय"



काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. परिपाठाला मांडी घालून बसायचं टाळायचा. एकदा म्हणाला, "सर, गुडघा गरम लागतोय." सूज दिसत नव्हती, खरचटलेलंही नव्हतं. मी म्हणालो, "नाटकं नको करू, बस खाली." पुढचे आठ दिवस तो शाळेत आला नाही. मग वडील येऊन सांगून गेले, पोऱ्याला हिमोफिलिया आहे. नाव दाखल करताना त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर शाळा घेणार नाही, ही भीती.

हिमोफिलिया म्हटलं की आपल्याला वाटतं, जखम झाली की रक्त थांबत नाही. तेही खरं आहे. पण या मुलांना जास्त छळतो तो सांध्याच्या आत होणारा रक्तस्राव. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक, फॅक्टर ८ किंवा फॅक्टर ९, त्यांच्यात कमी असतं. गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत रक्त साचतं. त्या रक्तातल्या लोहामुळे सांध्याचं आतलं अस्तर सुजतं, सुजलेल्या अस्तरातून पुन्हा रक्त येतं आणि हळूहळू कूर्चा झिजते. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. ती गेली की परत येत नाही. सूज दिसण्याआधी मुलाला आत झिणझिण्या किंवा ऊब जाणवते. म्हणजे माझा विद्यार्थी अगदी बरोबर सांगत होता.

ही झीज आधीच ओळखता यावी म्हणून रक्तातल्या काही प्रथिनांवर संशोधन चालू आहे. कूर्चा झिजताना तिचे तुकडे रक्तात आणि लघवीत उतरतात. 'कॉम्प' नावाचं कूर्चेतलं प्रथिन त्यातलंच एक. रक्ताच्या एका थेंबावर सांध्याची बातमी कळली तर किती बरं! पण कॉम्प नुसतं धावल्यावरही वाढतं, आणि कूर्चेचे काही घटक वाढत्या वयाच्या मुलांत मुळातच जास्त असतात, कारण त्यांची हाडं वाढत असतात. म्हणजे आपल्या वर्गातल्या वयातच हे आकडे वाचणं सगळ्यात अवघड. आज तरी या चाचण्या रोजच्या उपचारात आलेल्या नाहीत.

वाट बघायला मात्र वेळ नाही. अमेरिकेतला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अडीच वर्षांच्या आतल्या ६५ मुलांपैकी काहींना नियमित फॅक्टर दिला, काहींना रक्तस्राव झाल्यावर. सहाव्या वर्षी एमआरआय केला. पहिल्या गटातल्या ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते, दुसऱ्या गटात फक्त ५५ टक्के. शिवाय, बाहेरून कधी रक्तस्राव न दिसलेल्या काही सांध्यांतही बिघाड सापडला. सहावं वर्ष म्हणजे आपली पहिली!

त्यामुळे माझं मत असं झालंय की रक्ताची चाचणी येईल तेव्हा येईल, तोवर वर्गशिक्षकाची नजर हीच चाचणी. त्या मुलाचा जुना हजेरीपट मी नंतर काढून पाहिला. शनिवारच्या कवायतीनंतर चार वेळा पाच-सहा दिवसांची गैरहजेरी. समोर माझ्याच अक्षरात 'आजारी'. हे डॉक्टरांना कोणी दाखवलं असतं तर?

दुसरं टोकही मी पाहिलंय. आजार कळला की मुलाला खेळाच्या तासाला पायरीवर बसवून ठेवायचं. हेही चूकच. मांडीचे, पोटरीचे स्नायू बळकट असले तर सांध्याला आधार मिळतो. कबड्डी नको, पण चालणं, सायकल, पोहणं डॉक्टरांना विचारून चालतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि खेळाची संधीही इतरांबरोबरीने द्यावी लागते. पालकांनो, लपवू नका ते यासाठी.

आणखी एक, आयांसाठी. हा आजार बहुधा मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो, म्हणून घरात "तुझ्या माहेरचं दुखणं" असं ऐकवलं जातं. एखाद्या मामाला असतोही. पण साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. दोष कोणाचाच नाही.

आपल्या वरणगावहून मोठ्या तपासणीला जायचं तर भुसावळहून गाडी धरून रात्रभराचा प्रवास. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. मजुरी बुडवून कोण किती वेळा जाणार? म्हणून निदान पहिल्या तासाभरात शाळेत जे करता येतं ते तरी चुकू नये. मूल गरम लागतंय म्हणालं की त्याला चालवायचं नाही. सांधा उशीवर किंवा दप्तरावर उंच ठेवायचा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावायचा (आमच्याकडे शेजारच्या दुकानातून येतो), घरी लगेच फोन. अॅस्पिरिनची गोळी मुळीच नाही. आणि लसीकरणाचं पथक आलं की सुई टोचण्याआधी त्यांना आजार सांगायचा.

माझ्या हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर आता एक रकाना आहे: तारीख, कोणता सांधा, मूल काय म्हणालं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहितो.