दहा हजारांत एक: रॉकेट ‘सुरक्षित’ आहे हे नेमकं कसं ठरतं?

६ मार्च २०२५ च्या संध्याकाळी फ्लोरिडातल्या मायामी, ऑर्लँडो अशा मोठ्या विमानतळांवरून निघणारी विमानं काही काळ जमिनीवरच थांबवली गेली. टेक्सासहून निघालेलं स्पेसएक्सचं स्टारशिप रॉकेट आठव्या चाचणीत आकाशात तुटलं होतं आणि त्याचे तुकडे बहामाच्या दिशेने खाली येत होते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, सांगितलं की सुमारे २४० उड्डाणांवर परिणाम झाला. त्याआधी १६ जानेवारीला सातव्या चाचणीतही असंच झालं होतं. तेव्हा तुकडे टर्क्स अँड केकोस बेटांच्या परिसरात पडले होते.

या दोन्ही उड्डाणांना रीतसर परवाना होता. म्हणजे कोणीतरी आधी बसून गणित केलं होतं आणि ‘हे पुरेसं सुरक्षित आहे’ असं ठरवलं होतं. आज आपण ते गणित उघडून बघणार आहोत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, रॉकेट बनवत नाही. पण हे काम बऱ्याच अंशी सिम्युलेशनचं आहे, त्यामुळे त्यात काय धरलंय आणि काय सुटलंय हे बघायची सवय इथे कामी येते.

सुरक्षितता म्हणजे एक आकडा

एफएएच्या नियमात मुख्य मोजमाप आहे ‘एक्सपेक्टेड कॅज्युअल्टी’. म्हणजे हेच उड्डाण पुन्हा पुन्हा केलं, तर एका उड्डाणामागे सरासरी किती सामान्य माणसं मरतील किंवा गंभीर जखमी होतील. मर्यादा आहे ०.०००१, सोप्या भाषेत दहा हजार उड्डाणांमागे एक माणूस. याशिवाय कोणत्याही एका व्यक्तीला असलेला धोका दहा लाखांत एकापेक्षा जास्त नको. एखाद्या विमानावर घातक तुकडा आदळण्याची शक्यताही दहा लाखांत एकाच्या आत हवी.

आकडा काढायचा कसा? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा रॉकेट ठरावीक टप्प्यात फुटून एका विशिष्ट जिल्ह्यावर पडण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे. फुटल्यावर १०० घातक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा १० चौरस मीटर जागेतल्या माणसाला इजा करू शकतो. म्हणजे एकूण १,००० चौरस मीटर, अर्थात ०.००१ चौरस किलोमीटर. जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ४०० लोक राहतात. ०.००१ गुणिले ४००, उत्तर ०.४ माणूस. त्याला दहा हजाराने भागलं की येतात ०.००००४. मर्यादेच्या ४० टक्के. एका टप्प्यात, एका जिल्ह्यासाठी.

खऱ्या विश्लेषणात हेच काम उड्डाणाच्या क्षणाक्षणासाठी होतं. इंजिन बंद पडलं तर, रॉकेट भरकटलं तर, वारा असा असला तर, तसा असला तर, अशी हजारो काल्पनिक उड्डाणं कॉम्प्युटरवर उडवली जातात. याला मोंटे कार्लो पद्धत म्हणतात. प्रत्येक वेळी तुकडे कुठे पडले ते नकाशावर मांडायचं, त्यावर लोकसंख्येचा नकाशा ठेवायचा आणि बेरीज करायची.

मार्ग वाकवा, नाहीतर रॉकेट फोडा

वरच्या गुणाकारात लोकसंख्या शून्याजवळ नेली की उत्तरही शून्याजवळ जातं. म्हणून बहुतेक देशांची उड्डाणतळं समुद्रकिनारी असतात. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत जाणारं पीएसएलव्ही सरळ दक्षिणेला जात नाही, कारण वाटेत श्रीलंका येते. ते आधी आग्नेयेकडे जातं आणि मग वळतं. या वळणात इंधन जातं, म्हणजे तेवढं वजन उपग्रहातून कमी करावं लागतं. एसएसएलव्हीसारख्या लहान रॉकेटला तर हे फारच महाग पडतं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला दुसरं उड्डाणतळ बांधण्यामागे हे मोठं कारण आहे. त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. तिथून दक्षिणेला थेट समुद्र आहे.

दुसरा उपाय म्हणजे भरकटलेलं रॉकेट मुद्दाम फोडणं. नियंत्रण कक्षात सतत एक गोष्ट बघितली जाते: इंजिन या क्षणी बंद पडलं तर रॉकेट कुठे पडेल? हा बिंदू ठरवलेल्या रेषेबाहेर जायला लागला की नष्ट करण्याचा आदेश जातो. २५ डिसेंबर २०१० ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ०६ नियंत्रण सुटल्यावर उड्डाणाच्या ६४ व्या सेकंदाला असंच फोडावं लागलं. तुकडे बंगालच्या उपसागरात पडले. मोहीम फसली, पण सुरक्षा यंत्रणेने तिचं काम चोख केलं.

आता हा निर्णय अनेकदा माणूस घेत नाही. फाल्कन ९ मध्ये फेब्रुवारी २०१७ पासून रॉकेटवरचा कॉम्प्युटरच तो घेतो. पण ही यंत्रणाही गणितात धरल्याप्रमाणे वागेलच असं नाही. २० एप्रिल २०२३ ला पहिल्या स्टारशिप चाचणीत फोडण्याचा आदेश गेला, स्फोटकंही उडाली, तरी रॉकेट तुटायला सुमारे ४० सेकंद लागले. तोवर ते गिरक्या घेत होतं.

सगळ्यात कच्चा आकडा

तुकड्यांचं वजन मोजता येतं, वारा मोजता येतो, लोकसंख्येची जनगणना असते. पण ‘हे रॉकेट फसण्याची शक्यता किती?’ हा आकडा नव्या रॉकेटच्या बाबतीत अंदाजच असतो. शंभर वेळा उडालेल्या रॉकेटचा इतिहास असतो. आठ वेळा उडालेल्याचा काय असणार?

नवव्या स्टारशिप चाचणीआधी, मे २०२५ मध्ये, हे स्पष्ट दिसलं. एफएएने विमानांसाठी बंद ठेवायचा पट्टा ८८५ सागरी मैलांवरून १,६०० सागरी मैलांवर नेला. म्हणजे सुमारे १,६४० किलोमीटरवरून जवळपास ३,००० किलोमीटर. कारणं दोन दिली होती: सुरक्षा विश्लेषणात केलेले बदल आणि एकदा उडालेला बूस्टर पहिल्यांदाच पुन्हा वापरणं. उड्डाण विमानांची गर्दी नसलेल्या वेळेत करावं, अशीही अट घातली. मार्चमध्ये पुरेसा वाटलेला पट्टा मे महिन्यात अपुरा ठरला. बहामावरून जाणाऱ्या विमानाला प्रत्यक्षात असलेला धोका दोन्ही महिन्यांत साधारण सारखाच असणार. बदलला तो आपला अंदाज.

क्षेपणास्त्रांचं प्रकरण वेगळं

क्षेपणास्त्र चाचणीतही गणित हेच, पण दोन फरक आहेत. पहिला फरक जागेचा. ओडिशातल्या चांदीपूरच्या चाचणी तळाजवळ दाट वस्ती आहे. तिथे लोकसंख्येचा आकडा कमी करण्याचा मार्ग म्हणजे माणसंच हलवणं. जुलै २०२४ मध्ये डीआरडीओच्या एका चाचणीसाठी तळापासून साडेतीन किलोमीटरच्या आतल्या दहा गावांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांना तात्पुरत्या छावण्यांत नेलं होतं. त्यांना दिवसाची भरपाई मिळते. समुद्रात आणि आकाशात जहाजांना, विमानांना आधीच इशारा देऊन पट्टा रिकामा केला जातो. आपल्याला बातमीत दिसतं ते ‘चाचणी यशस्वी’. त्यामागे कोणाची तरी दिवसभराची मजुरी, शेती, मासेमारी थांबलेली असते.

दुसरा फरक मार्गदर्शनाचा. रॉकेटचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं पडतं आणि कुठे पडेल याचा हिशेब मांडता येतो. मार्गदर्शित क्षेपणास्त्र मात्र काहीही बिघाड न होता, अगदी व्यवस्थित उडत चुकीच्या जागी जाऊ शकतं. ९ मार्च २०२२ ला भारताचं ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आधी तांत्रिक बिघाड असं कारण सांगितलं गेलं. नंतर चौकशीत ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचं समोर आलं आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ही चाचणी नव्हती. म्हणजे रिकामा केलेला पट्टा नव्हता, कोणाला इशारा नव्हता. चाचणीच्या क्षेपणास्त्रात भरकटल्यास फोडायची सोय असते, सेवेतल्या क्षेपणास्त्रात ती सहसा नसते. सिम्युलेशनमध्ये व्हॉल्व्ह आणि सेन्सर किती वेळा बिघडतात हे घालता येतं. माणूस एखादी पायरी किती वेळा गाळेल, हे घालणं फार अवघड.

चंद्रपूरच्या आकाशातली रेघ

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात अनेकांनी आकाशात जळत जाणारी रेघ पाहिली, मोबाईलवर शूट केली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग पडलेली सापडली, आणि परिसरात एक गोळाही मिळाला. जाणकारांच्या मते हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा होता. हे रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये, तब्बल चौदा महिने आधी.

उड्डाणाच्या दिवसाची सगळी काळजी घेतली, तरी काम संपलेला टप्पा कक्षेत सोडून दिला तर तो कधीतरी, कुठेतरी उतरणारच. नक्की कुठे, हे शेवटच्या तासापर्यंत सांगता येत नाही. त्यामुळे लाडबोरीला इशारा देणं कोणाच्याच हातात नव्हतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘नेचर अॅस्ट्रॉनॉमी’त मांडलं की अशा अनियंत्रित पुनर्प्रवेशांमुळे येत्या दहा वर्षांत एक किंवा अधिक माणसं दगावण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे. जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर तुकडे येण्याची शक्यता न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या अक्षांशांच्या किमान तिप्पट आहे. उपग्रह सोडणारे एकीकडे, डोक्यावर तुकडे झेलणारे दुसरीकडे.

यात छपराचाही प्रश्न येतो. चांगल्या मॉडेलमध्ये माणूस उघड्यावर आहे की घरात, आणि घराचं छप्पर कसलं, हे धरलं जातं. काँक्रीटचा स्लॅब बऱ्याच तुकड्यांना अडवतो. कवेलू किंवा पत्र्याचं छप्पर कितीसं अडवणार? आणि धान कापणीला शेतात असलेल्या माणसाच्या डोक्यावर तर छप्परच नाही.

आपलेही हात पूर्ण कोरडे नाहीत. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं मोठं नळकांडं पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने म्हटलं होतं.

मर्यादा एका उड्डाणाची, उड्डाणं किती?

मला खटकते ती गोष्ट इथे आहे. दहा हजारांत एक ही मर्यादा प्रत्येक उड्डाणाला स्वतंत्र आहे. सर्व्हरवर काम करणाऱ्या कोणालाही हे पटकन कळेल: एरर रेट तोच ठेवला आणि ट्रॅफिक पाचपट झाला, तर तक्रारी पाचपट येतात. डॅशबोर्डवर टक्केवारी हिरवीच दिसते.

मे २०२५ मध्ये एफएएने टेक्सासहून वर्षाला ५ ऐवजी २५ स्टारशिप उड्डाणांची वाट मोकळी केली. प्रत्येक उड्डाण मर्यादेत बसेल. पण उड्डाणाच्या वाटेखाली राहणारी माणसं बहुतेक तीच असतील आणि त्यांच्या वाट्याचा वर्षाचा धोका पाचपटीने वाढू शकेल. जगभरात २०२४ मध्ये कक्षेत जाण्यासाठी अडीचशेहून जास्त उड्डाणं झाली. प्रत्येकाने पूर्ण मर्यादा वापरली असं धरलं, तर सरासरी चाळीस वर्षांत एक माणूस. उड्डाणं चौपट झाली की दर दहा वर्षांनी एक. बहुतेक उड्डाणं मर्यादेच्या बरीच खाली असतात हे खरं. पण अनियंत्रित पडणारे मोठे टप्पे हा हिशेब उलट्या बाजूला ओढतात.

विमान प्रवासापुढे किंवा आपल्या रस्त्यांपुढे हा धोका नगण्य आहे, असं कोणी म्हणेल. आकडा म्हणून मान्य. फक्त रस्त्यावर आपण स्वतःहून उतरतो आणि कुठे जायचं ते आपण ठरवतो. लाडबोरीच्या माणसाला कोणीच विचारलं नव्हतं.

करता येण्यासारखं काय आहे?

तांत्रिक उत्तर माहीत आहे: थोडं इंधन राखून ठेवा आणि टप्पा किंवा उपग्रह निर्जन समुद्रात उतरवा. इस्रोने ७ मार्च २०२३ ला मेघा-ट्रॉपिक्स-१ हा उपग्रह असाच प्रशांत महासागरावर आणून नष्ट केला, आणि तो त्यासाठी बनवलेलाही नव्हता. खर्च येतो, पण अशक्य नाही. नियमांच्या बाजूने, मर्यादा उड्डाणामागे लावतो तशी वर्षामागेही लावायला हवी असं मला वाटतं. भरपाईचा कायदा आहेच. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीला रॉकेट सोडणारा देश जबाबदार असतो, चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात पडल्यावर पुढे ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली होती.

आणि तुमच्या शेतात असं काही पडलंच, तर हात लावू नका, हलवू नका, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. अशा टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लांबून फोटो काढा, मुलांना दूर ठेवा आणि पोलीस ठाण्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

पुढच्या वेळी ‘उड्डाण सुरक्षित’ असं वाचलं की तीन गोष्टी विचारा: फसण्याची शक्यता किती धरली, कोणाच्या डोक्यावरून रॉकेट गेलं, आणि वर्षात अशी किती उड्डाणं होणार आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत बहुतेक वेळा नसतं.