आधी थांबणारी गाडी, मग धावणारी गाडी

व्यापाराच्या पानावर जुन्या मोटारीची गोष्ट कशाला, असे काही वाचक बंधू विचारतील. माझा धंदा कापडाचा, शिक्षण उर्दू शाळेतले, आणि मोटारीचे ज्ञान मालकाला असते तेवढेच. परंतु गेल्या हिवाळ्यात जो अनुभव आला तो गिऱ्हाईक आणि कारागीर या दोघांच्याही कामाचा आहे, म्हणून लिहितो.

आमच्या मरहूम वालिद साहेबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी मालेगावच्या गोदामात सुताच्या खोक्यांमागे अकरा वर्षे पडून होती. याच गाडीत कापडाचे नमुने घालून ते कसारा घाट उतरत आणि मुंबईला मूळजी जेठा मार्केट गाठत. ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगखाली, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा मुलांनी हट्ट धरला की दादांची गाडी आता तरी सुरू करा.

मी मिस्त्रीला बोलावले. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “सेठ, पहले ब्रेक खोलना पडेगा.” मी म्हणालो, “उस्ताद, आधी इंजिन तर चालू होऊ दे, मग बघू.” चौथ्या दिवशी इंजिन चालू झाले. मोहल्ला जमला, पेढे वाटले. आनंदाच्या भरात मीच मिस्त्रीला म्हणालो, एक फेरी मारून ये. गल्लीच्या उतारावर त्याने पेडल दाबले ते सरळ पत्र्याला टेकले. हँडब्रेकची केबल गंजून जाम झालेली. गाडी एका हमालाच्या हातगाडीवर आदळून थांबली. अल्लाहचे शुक्र की माणूस बाजूला होता. हातगाडीचे चाक मोडले, त्याची भरपाई मी केली. चूक मिस्त्रीची नव्हती, माझी होती.

नंतर ब्रेक उघडले तेव्हा कारण दिसले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे गाडी उभी राहिली की त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो, रबरी वॉशर कडक होतात. पहिल्याच जोराच्या दाबाला वॉशर फाटतो आणि तेल बाहेर येते. ज्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असतो, तिथे एक वॉशर गेला की चारही ब्रेक जातात. बाहेरून पाहून हे कळत नाही.

म्हणून पडून राहिलेली गाडी जिवंत करण्याचा क्रम सांगतो. आल्या आल्या चावी फिरवू नये. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, ते चिकट झालेले असते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, एक दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवावे. अडकले तर जोर करू नये. इंजिन ऑइल बदलावे, कार्बोरेटर आणि पेट्रोल पंप उघडून साफ करावेत, पॉइंट घासावेत. पेट्रोलच्या रबरी नळ्या सर्व नव्या टाकाव्यात. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याला टिकत नाही, आणि गळती गरम इंजिनावर झाली तर आग लागते. हे सर्व करा, पण गाडी जागची हलवण्यापूर्वी ब्रेक करा.

ब्रेकच्या कामात पहिली पायरी मूळचे ड्रम ब्रेक नीट करण्याची आहे. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर नवे किंवा नव्या किटसह, रबरी होज नवे, लायनर नवे, ड्रमला लेथवर हलका हात, आणि हँडब्रेकची केबल नवी. तेल डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले, सीलबंद डब्यातलेच. इंजिन ऑइलचा एक थेंबही चालत नाही, रबर फुगून बसते. लोखंडी पाइप सडला तर फ्रीजच्या कामाची तांब्याची नळी वाकवून बसवण्याची काही ठिकाणी सवय आहे. ही सवय सोडावी. तांबे हादऱ्याने कडक होऊन तडकते. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शागिर्दांची फुप्फुसे आपलीच जबाबदारी आहे. गावात सावकाश फिरणाऱ्या गाडीला एवढे पुरेसे आहे.

घाट आणि महामार्ग यांचा हिशेब वेगळा आहे. वेग ४० चा ८० झाला की गाडी थांबवताना जिरवावी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. ती सगळी उष्णता बनते. बंद ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते आणि उतारावर पेडल खाली खाली जाते. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते. म्हणून पुढच्या दोन चाकांना नंतरच्या एखाद्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवण्याची पद्धत पडली आहे. ती चांगली आहे, पण अर्धवट केली तर ड्रमपेक्षा वाईट.

ड्रममध्ये लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, डिस्कला ती मदत नाही. तिला जास्त दाब लागतो, म्हणून व्हॅक्यूम बूस्टर हवा. मास्टर सिलिंडर दोन मार्गांचा आणि कॅलिपरला पुरेल अशा मापाचा हवा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब रोखून धरणारी व्हॉल्व्ह असू शकते. ती डिस्कच्या मार्गात राहिली तर ब्रेक सुटत नाही आणि चाक तापत राहते. मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू नये यासाठी मागचा दाब मोजून ठेवावा लागतो. कॅलिपरचा ब्रॅकेट भंगारातल्या पट्टीला वेल्डिंग करून बनवू नये. जाड पोलादातून मापाने कापलेला, मजबूत बोल्टचा असावा. आणि टायर दहा वर्षांचे दगड झालेले असतील तर कुठलाही ब्रेक उपयोगाचा नाही.

असा बदल करताना कागदही पाहावेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफाराबद्दल आहे. आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. अपघातानंतर तोंडी परवानगी कोणी ओळखत नाही.

आता मूळ मुद्दा. त्या उताराच्या प्रसंगानंतर मिस्त्री मला म्हणाला, “सेठ, इंजन का पैसा लोग खुशी से देते, ब्रेक का पैसा रो के देते.” मला लाज वाटली, कारण मीही ब्रेकच्या अंदाजपत्रकात घासाघीस केली होती आणि रंगाच्या कामाला एका शब्दात होकार दिला होता. रंग शेजाऱ्याला दिसतो, व्हील सिलिंडर कोणाला दिसत नाही. आपण कापडवाले हे चांगले जाणतो. फिनिशिंग पाहून गिऱ्हाईक भुलते आणि आतले सूत कच्चे निघाले की पहिल्या धुलाईत भांडण येते. कापडाचे भांडण पैशाने मिटते. ब्रेकचे भांडण कधी कधी कशानेच मिटत नाही.

गिऱ्हाइकांना माझी विनंती आहे की जुन्या गाडीसाठी काढलेल्या दर शंभर रुपयांतले चाळीस आधीच ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांच्यासाठी बाजूला ठेवावेत आणि उरलेल्यात इंजिन व रंग बसवावा. न बसल्यास रंग पुढच्या वर्षी. मिस्त्री बंधूंना विनंती ही की ब्रेक झाल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये, मालक कितीही मोठा सेठ असो. कामाची यादी लिहून द्यावी, बदललेले जुने पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत, आणि या कामाचा भाव पूर्ण मागावा. अशी गाडी उघडून जोडणारे हात आता थोडे उरले आहेत. जो कारागीर “हे काम मी अर्धे करणार नाही” असे सांगतो, त्याचे एक गिऱ्हाईक जाईल, पण नाव राहील.

आमची पद्मिनी आता कसारा घाट उतरते. पहिल्या वेळी शेजारी मिस्त्रीलाच बसवले होते. खाली पोहोचल्यावर त्याने उतरून चारही चाकांना हात लावून पाहिला, आणि मग चहा मागितला.