सेवांचा बाजार खुला, माणसाचा रस्ता अरुंद

आपल्या मंडळातल्या कित्येक घरांत कोणी सुपर कॉरिडॉरवर नोकरीला आहे, नाहीतर मुलगा-सून परदेशी आहेत. म्हणून 'सेवा-व्यापाराचे उदारीकरण' हे नाव जड वाटलं, तरी विषय घरातलाच आहे.

जागतिक व्यापार संघटनेचा सेवाविषयक करार, गॅट्स, 1995 पासून लागू आहे. त्यात सेवा विकण्याचे चार मार्ग मानले आहेत. इंदूरात बसून न्यूयॉर्कच्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणं हा पहिला. विद्यार्थी परदेशी शिकायला जातो, तो दुसरा. परदेशी बँक इथे शाखा उघडते, तो तिसरा. आपला इंजिनिअर काही काळ तिकडे जाऊन काम करतो, तो चौथा. भांडवल असलेल्या देशांना तिसरा मार्ग प्रिय. भारत चौथ्यासाठी भांडत आला, आणि नेमका तोच सर्वांत अरुंद राहिला.

अमेरिकेने या करारात वर्षाला 65,000 एच-1बी व्हिसांची मर्यादा नोंदवली. वाद पेटला तो शुल्कावरून. 2016 मध्ये वाढीव व्हिसा शुल्काविरुद्ध भारताने संघटनेकडे दाद मागितली, पण प्रकरण सल्लामसलतीपुढे सरकलं नाही. मग 19 सप्टेंबर 2025 चा आदेश आला: बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे 88 लाख रुपये! दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलासाठी कोणती कंपनी एवढे मोजेल?

काहीजण म्हणतात, बरंच झालं, काम इकडे येईल. हे अर्धंच खरं. ग्राहकासमोर बसणारा माणूस नसेल, तर पुढचं काम मिळवणंही अवघड होतं.

ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी झालेला करार त्या मानाने बरा. तात्पुरत्या कामासाठी तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ठरावीक काळ दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये, अशी सोय त्याच्या जोडीला ठरली. शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला 1,800 जणांना वाव आहे. (उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या गावातल्या गाणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.)

पण पदवीचं काय? इथे एमबीबीएस झालेल्या मुलीला ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची, तर बहुतेक वेळा प्लॅब परीक्षा द्यावीच लागते. आपणही वकिली या करारातून बाहेर ठेवली आहे, तेव्हा एकट्या ब्रिटनला दोष देता येत नाही. माझ्या मते व्हिसाच्या आकड्यापेक्षा आता पदव्यांच्या परस्पर मान्यतेवर जोर लावायला हवा. व्हिसाचं शुल्क एका सहीने बदलतं, मान्यता एवढ्या सहज काढून घेता येत नाही.