अनुदान सरले, पगार कोण देणार?



२०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने १० हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना काढली. एका कंपनीला व्यवस्थापन खर्चापोटी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख. शिवाय सभासदामागे २ हजारांपर्यंत भागभांडवलाचे अनुदान, तेही १५ लाखांच्या आत. गावोगाव पाट्या लागल्या. व्यवस्थापक आला, संगणक आला. सुरुवातीला नोंदलेल्या कंपन्यांची तीन वर्षे कधीच सरली. आता पगार कोणी द्यायचा?

सरकारने हात आखडला म्हणून रडण्यात अर्थ नाही. मुदत पहिल्याच दिवशी कागदावर होती. (आपण कागद सहीपुरता पाहतो!)

हिशेब मांडू. १८ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार. मैदानी भागात कंपनीला किमान ३०० सभासद लागतात. प्रत्येकाने १० क्विंटल कापूस कंपनीच्या काट्यावर आणला आणि क्विंटलमागे ५० रुपये सोडले, तर वर्षाचे दीड लाख होतात. सहा लाखांचा थाट त्यात बसत नाही. बसतो एक हिशेबनीस, एक काटा, गावातलीच एक खोली. मग तेवढेच ठेवा. ज्वारीचे बियाणे, खत एकत्र आणले तर थोडी भर पडेल. पण कोरडवाहूत पाऊस हुकला की काट्यावर कापूसच येत नाही. म्हणून चांगल्या सालाची शिल्लक वाटून टाकू नका.

आणि सभासद ५० रुपये सोडायला तयार नसेल तर? त्याला मापात, दरात काही फायदा दिसला नाही असे समजा. पुढच्या योजनेचा अर्ज भरण्याआधी त्याच्या ओट्यावर जाऊन विचारा.