नजर रस्त्यावर, हात खटक्यावर

नव्या वस्तूची भलामण करतांना ती दिसते कशी हें आधीं सांगावयाचें आणि ती वापरावयाची कशी हें घेणाऱ्याच्या दैवावर सोडावयाचें, ही व्यापाराची जुनीच रीत आहे. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र ही रीत आतां अशा थराला गेली आहे कीं, तिच्याविरुद्ध कोणी तरी स्पष्ट बोलणें जरूर झालें आहे. हल्लीं नवी गाडी दाखवितांना विक्रेता इंजिनाचें नांव मागाहून घेतो. पहिल्यानें दाखवितो तो स्टेअरिंगशेजारचा भलामोठा चकचकीत पडदा, ज्याला टचस्क्रीन म्हणतात. गाणीं त्या पडद्यावर, नकाशा त्या पडद्यावर, गारवा कमीजास्त करणें त्या पडद्यावर, आणि कांहीं गाड्यांत तर दिवे व वायपर यांची व्यवस्थासुद्धां त्याच पडद्याच्या पोटांत! घरांतील मंडळी कौतुकानें पाहतात, मुलें त्यावरून बोटें फिरवितात, आणि केवढी ही सुधारणा म्हणून सर्वजण संतुष्ट होतात. आमचें म्हणणें असें कीं, ही सुधारणा नव्हे. चालकाची नजर रस्त्यावरून काढून घेण्याची ही एक सुबक युक्ति आहे. आणि ती आपल्याकडे इतक्या सहज खपते याचें कारण, पडदा येण्यापूर्वींचे साधे खटकेही आपल्यापैकीं बहुतेकांनीं कधीं नीट शिकून घेतलेले नव्हते.

मोटार चालविण्यांत डोळा आणि हात यांच्या कामाची वांटणी ठरलेली आहे. डोळा रस्त्याचा, हात यंत्राचा. ही वांटणी मोटारीनें निर्माण केलेली नाहीं. बैलगाडी हांकणाऱ्याच्या हातांत कासरा असतो, पण तो कासऱ्याकडे पाहत बसत नाहीं. पेटी वाजविणारा गवयाच्या तोंडाकडे पाहतो. पट्ट्या त्याच्या बोटांना ठाऊक असतात. वीज गेली तर गृहिणीचा हात काळोखांतही काड्यापेटीवर अचूक जातो. खटक्याचा गुण हाच आहे. त्याला आकार असतो, ठरलेली जागा असते, आणि तो दाबला गेला हें बोटाला कळतें. गुळगुळीत पडद्याला यांपैकीं कांहींच नाहीं. बोट कोठें टेकलें हें तेथें डोळ्यालाच विचारावें लागतें, आणि डोळा उत्तर द्यावयास आंत आला कीं रस्ता बेवारशी होतो. ताशीं 60 किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दर सेकंदास सुमारें 17 मीटर पुढें जाते. तीन सेकंद नजर पडद्यावर खिळली, तर गाडी 50 मीटर आंधळेपणानें धांवली असा त्याचा सरळ हिशेब आहे.

हे 50 मीटर म्हणजे काय, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें गळिताच्या हंगामांत एखाद्या रात्रीं बारामतीहून पणदऱ्याच्या रस्त्यानें जावें. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें हा मुलूख उंसाचा झाला; माळेगांव आणि सोमेश्वर हे दोन सहकारी साखर कारखाने याच टापूंत आहेत. दिवाळीनंतर या बाजूच्या रस्त्यांवरून उंसाची वाहतूक रात्रंदिवस चालते. ट्रॅक्टरमागें दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर आलेलीं वाढीं, मागच्या बाजूस बहुधा दिवा नाहीं, आणि परावर्तक असलाच तर तो चिखलानें माखलेला. त्यांच्याच मधून तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या. अशा वेळीं समोरून एखादी मोटार अप्पर दिवे लावून येते. तिच्या झोतानें डोळे दिपतात, आणि ती निघून गेल्यावरही कांहीं क्षण पुढचें कांहींच दिसत नाहीं. नेमक्या त्याच क्षणांत पुढें उंसाची ट्रॉली असते. थंडीचे दिवस, कांचा बंद, आंत चार माणसें. समोरच्या कांचेवर आंतून वाफ धरलेली. ती घालविण्याचा खटका हाताखालीं असेल तर काम एका क्षणाचें. तेंच जर पडद्यावरील एका चित्रांतून दुसऱ्या चित्रांत शिरून करावयाचें असेल, तर त्या गाडीचें रक्षण ईश्वरच करो.

परंतु सर्व दोष पडद्यावर ढकलून आपण मोकळे होणें हा अन्याय होईल. वरच्या प्रसंगांत अप्पर दिवे लावून आलेल्या गाडींत डिपरचा खटका होताच. तो दाबणारा हात नव्हता. गाडीच्या तक्त्यावर अप्पर लागल्याची खूण म्हणून एक लहानसा निळा दिवा पेटतो. तो निळा दिवा याचा अर्थ, समोर कोणी असेल तर तूं त्याला आंधळें करीत आहेस, असा आहे. कित्येक चालक वर्षानुवर्षें तो दिवा पाहतात आणि तो कसला हें त्यांना ठाऊक नसतें. त्या तक्त्याची भाषा कांहीं अवघड नाहीं. तांबडा दिवा म्हणजे धोका. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा चालत्या गाडींत लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करावें, घरीं जाऊन पाहूं असें म्हणूं नये. पिवळा म्हणजे सावधगिरी. हिरवा आणि निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढीच सूचना. एवढी वर्णमाला ज्याला येत नाहीं त्याला गाडी चालवितां येते असें म्हणणें म्हणजे अक्षरओळख नसलेल्याला वाचक म्हणण्यासारखें आहे.

चारी इंडिकेटर एकदम लावण्याचा खटका घ्या. गाडी बंद पडली अथवा रस्त्यांत अडकून उभी राहिली तर मागच्यांना सावध करण्यासाठीं तो दिलेला आहे. आपल्याकडे चौक सरळ ओलांडावयाचा असला कीं तो लावतात, पावसांत लावतात, पुणें-मुंबई द्रुतगति मार्गाच्या बोगद्यांत शिरतांना लावतात. चारी दिवे एकदम लुकलुकूं लागले म्हणजे ही गाडी डावीकडे वळणार कीं उजवीकडे, हें सांगण्याची सोयच उरत नाहीं; आणि खरोखर उभी असलेली गाडी व धांवती गाडी यांतला भेद मागच्याला कळत नाहीं. सावधपणाचें चिन्ह असें उधळून आपण त्याचा अर्थच मारून टाकला आहे.

जगाच्या अनुभवाकडे पाहिलें तरी अज्ञान आणि पडदा हीं दोन्हीं एकमेकांचीं सोबती दिसतात. 2022 मध्यें स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकानें अकरा नव्या गाड्या आणि 2005 सालची एक जुनी व्होल्वो यांची ताशीं 110 किलोमीटर वेगावर परीक्षा घेतली. गारवा, रेडिओ, तक्त्याचा उजेड अशीं रोजचींच चार कामें करावयाचीं होतीं. खटक्यांच्या जुन्या गाडींत तीं 10 सेकंदांत झालीं आणि तेवढ्यांत गाडी 306 मीटर गेली. पडद्याच्या गाड्यांपैकीं सर्वांत मागें राहिलेल्या गाडीला 44.9 सेकंद लागले, आणि ती 1372 मीटर गेली! दुसरें उदाहरण समुद्रावरचें. अमेरिकन आरमाराची ‘जॉन एस. मकेन’ ही विनाशिका 21 ऑगस्ट 2017 रोजीं सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा खलाशी मृत्यु पावले. तिचें सुकाणू व वेग यांची सत्ता टचस्क्रीनवर होती. ती एका जागेवरून दुसऱ्या जागीं देतांना घोटाळा झाला. चौकशींत त्या यंत्राच्या रचनेलाही दोष दिला गेला आणि खलाशांच्या अपुऱ्या शिक्षणालाही. 2019 मध्यें त्या आरमारानें वेगासाठीं पुन्हां हातानें ढकलण्याच्या दांड्या बसविण्याचें ठरविलें.

यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, सवयीनें सर्व जमतें. परंतु स्वीडनच्या परीक्षेंतील चालकांना गाड्यांची ओळख करून घेण्यास आधीं वेळ दिलेला होता. शिवाय ज्या पडद्याची रचना कंपनी दूर बसून वाटेल तेव्हां बदलूं शकते, त्याची सवय हाताला लागणार तरी कशी? दुसरा आक्षेप असा कीं, आतां नुसतें बोललें तरी गाडी ऐकते. बरें आहे, पण मागें मूल रडत असतां आणि बाहेर पाऊस कोसळत असतां तिनें आपलें मराठी प्रत्येक वेळीं समजून घ्यावें, यावर वायपरसारखी गोष्ट सोंपवावयास कोणता शहाणा तयार होईल? तिसरा आक्षेप नकाशाचा व मागें गाडी घेतांना दिसणाऱ्या चित्राचा. तो आम्हांस मान्य आहे. जें पाहावयाचेंच आहे तें पडद्यावर असूं द्या. जें करावयाचें आहे तें खटक्यावर असूं द्या. आमची तक्रार एवढीच आहे. अनेक खटके, त्यांचे सांचे आणि त्यांच्या तारा यांपेक्षां एक पडदा बसविणें कारखानदाराला स्वस्त पडतें. त्याची काटकसर आपण सुधारणा म्हणून विकत घ्यावी, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

सुदैवानें वारा फिरूं लागला आहे. मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेनें 2026 पासून पूर्ण गुणांसाठीं इंडिकेटर, चारी धोकादिवे, हॉर्न, वायपर आणि संकटसमयीं मदत मागण्याची कळ यांना खरेखुरे खटके असावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. आपल्या देशांतही 2023 पासून ‘भारत एनकॅप’ ही व्यवस्था सुरू झाली आहे. तिच्याकडे हीच मागणी आपण गाडी घेणाऱ्यांनीं केली पाहिजे. आपण तारे मोजतों ते गाडी आदळल्यावर आंतला माणूस वांचेल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं. गाडी आदळूंच नये यासाठीं बोटाला काय सांपडतें हें कोणी विचारीत नाहीं.

परवान्याच्या परीक्षेबद्दलही तेंच. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत उमेदवारानें आरसा नीट लावावा, योग्य वेळीं स्पष्ट खूण करावी, असें सांगितलेलें आहे. प्रत्यक्षांत लोकांच्या तोंडीं राहिला आहे तो आठाचा आकडा! परीक्षा होते ती दिवसां. काळोखांत डिपर देण्याची कसोटी तींत लागणार कशी? ज्या हाताला डिपर सांपडत नाहीं त्याला रात्रीचा रस्ता मोकळा करून देणें, हा केवळ चालकाचा दोष नव्हे. तो शिकविणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचाही आहे.

तोंवर घरच्या घरीं करण्याजोगें फार आहे, आणि त्याला पैसा लागत नाहीं. गाडी अंगणांत उभी करावी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. चालविणारानें डोळे मिटावे आणि शेजारच्यानें एकेक नांव घ्यावें: डिपर, वायपर, हॉर्न, डावा इंडिकेटर, कांचेवरची वाफ, चारी दिवे. नांव घेतांच हात तेथें गेला पाहिजे. युरोपीय घडणीच्या कित्येक गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, आपल्याकडील बहुतेक गाड्यांत ती उजवीकडे. म्हणून दुसऱ्याची गाडी घेतांना हा पाठ पुन्हां करावा, नाहीं तर वळणावर इंडिकेटरऐवजीं वायपर फिरतो. आरसे, आसन, गारवा, नकाशा हें सारें निघण्यापूर्वीं उरकावें. आणि नवी गाडी घ्यावयास जाल तेव्हां हीच परीक्षा दुकानांत त्या गाडीची घ्या. डोळे मिटून जी गाडी हाताला ओळख देत नाहीं, ती कितीहि देखणी असो, विक्रेत्याकडेच राहूं द्या.

गाडी कोणती घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असें म्हणण्यांत येतें. तो तसा नाहीं. उंसाच्या मोळ्यांवर बसून रात्रीं कारखान्याची वाट धरलेला गाडीवान आपल्या पडद्याकडे कधींच पाहणार नाहीं; त्याचा जीव मात्र आपण त्या क्षणीं कोठें पाहत आहों यावर अवलंबून आहे. पडद्याची किंमत आपण मोजतों. ती फेडण्याची पाळी त्याच्यावर आणूं नये, एवढा विवेक सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांकडून अपेक्षिणें गैर होणार नाहीं.