शेक सकाळी की संध्याकाळी?

उन्नाव-कानपूरकडून लखनौला उपचारासाठी बसने येणारे अनेक जण आलमबागला उतरतात आणि तिथून चौक भागातल्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाची वाट धरतात. कर्करोगावर शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायचा असेल तर ही वारी आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालते. साहजिकच रुग्णाला सकाळचा नंबर हवा असतो, कारण शेक उरकला की उजेडी घर गाठता येते. पण बसच्या सोयीची वेळ शरीराला मानवते का? हा प्रश्न याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तरही मिळवले होते.

२०१० साली ‘कॅन्सर’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापून आला. तेव्हा हे विद्यापीठ छत्रपती शाहूजी महाराजांच्या नावाने ओळखले जाई. गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या २२९ स्त्रियांचे त्यांनी यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला सकाळी ८ ते १० या वेळेत शेक मिळाला, दुसऱ्याला संध्याकाळी ६ ते ८. ओटीपोटावरच्या या शेकामुळे आतड्याचे अस्तर सोलवटते आणि जुलाब लागतात. सकाळच्या गटात हा त्रास सुमारे ८७ टक्के स्त्रियांना झाला, संध्याकाळच्या गटात ६८ टक्क्यांना. तीव्र त्रासाचे प्रमाण सकाळी १४ टक्क्यांच्या वर होते, संध्याकाळी साडेपाच.

मग सगळ्यांनाच संध्याकाळी बोलवावे का? नाही, आणि या गोष्टीची खरी गंमत इथेच आहे. वर्षभर आधी, २००९ मध्ये, याच विद्यापीठाने डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या २१२ रुग्णांवर तसाच प्रयोग केला होता. तिथे चित्र उलटे निघाले. तोंड सोलवटण्याचा तीव्र त्रास संध्याकाळच्या गटात ३८ टक्क्यांना झाला, सकाळच्या गटात २६ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम कमी पडला. मात्र संध्याकाळच्या गटात तोंड अधिक वेगाने बिघडत गेले, हे त्या कसोटीवरही टिकले.

यामागचे कारण पेशींच्या दिनक्रमात शोधले जाते. मेंदूतल्या मुख्य घड्याळाच्या तालावर जवळजवळ प्रत्येक अवयव आपले छोटे घड्याळ चालवतो. ही यंत्रणा जनुकांच्या पातळीवर उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. पेशी विभागण्याच्या बेतात असते तेव्हा किरणांचा घाव तिला सर्वाधिक लागतो, आणि ती घटका तोंडाच्या अस्तराची वेगळी, आतड्याच्या अस्तराची वेगळी.

वर्तमानपत्रांत मात्र जैविक घड्याळ आणि कर्करोग म्हटले की रात्रपाळीचीच बातमी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्कजनक’ ठरवले आणि २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. उलट ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मोठ्या पाहणीत २०१६ साली रात्रपाळीमुळे स्तनाचा कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. हा वाद चालू राहील. तोवर रात्रपाळीची परिचारिका पाळी सोडून जाणार कुठे? शेकाची वेळ ठरवणे निदान रुग्णालयाच्या हातात आहे.

अर्थात वेळेच्या मागे लागण्यात फसगतही होते. फ्रान्सच्या फ्रान्सिस लेव्ही यांनी १९९७ मध्ये दाखवले की आतड्याच्या कर्करोगावरची केमोथेरपी शरीराच्या घड्याळाप्रमाणे दिली तर तोंड येण्याचा तीव्र त्रास ७६ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर येतो. पुढे २००६ च्या मोठ्या चाचणीत एकंदर आयुर्मानात फरक पडला नाही. पुरुषांना लाभ झाला, पण स्त्रियांना तोटा. मराठी उदाहरण कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांचे. लंडनला असताना, १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात त्यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेचा दिवस मासिक पाळीशी जोडून पाहिला आणि तारखेनुसार जगण्याच्या शक्यतेत मोठी तफावत आढळली. सगळ्यांना ते पटले नाही. बडवे यांनी मग मुंबईच्या टाटा रुग्णालयात सुमारे हजार स्त्रियांची चाचणी घेतली, शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉन या पाळीशी निगडित संप्रेरकाचे एकच इंजेक्शन देऊन. २०११ मध्ये निकाल आला: सरसकट फायदा नाही, पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत फायद्याची खूण दिसली. आपल्याच शोधाला असे कसोटीवर चढवणे दुर्मीळच.

लखनौच्या निष्कर्षांनाही अशीच मोठी, अनेक रुग्णालयांतली कसोटी हवी. खर्च फार नाही. तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग ही दोन्ही आपल्याकडची मोठी दुखणी. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात शेकाचे यंत्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालतेच. कुणीतरी सकाळी येणार, कुणीतरी संध्याकाळी. रांग लावताना तोंडाचे रुग्ण आधी आणि गर्भाशयमुखाचे नंतर, एवढा बदल करून पाहायला नवे यंत्र लागत नाही.

लागतो तो निवारा. संध्याकाळी आठला शेक संपलेली उन्नावची बाई आलमबागला पोहोचून बस कधी पकडणार? मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या कर्करुग्णांना थारा देतात, तशी सोय असेल तरच संध्याकाळची वेळ तिला परवडेल. दुसरे काम त्याहून सोपे आहे. आजची यंत्रे प्रत्येक शेकाची तारीख आणि वेळ आपोआप नोंदवतात. जुलाब किती झाले, तोंड कधी आले हे केसपेपरवर लिहिलेले असते. या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहायला एखाद्या निवासी डॉक्टरचा प्रबंध पुरे, आणि त्याची सुरुवात नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातही होऊ शकते.