महापौर शहराचा, कारभार कोणाचा?

गोमतीवरचा पूल ओलांडून निशातगंजात उतरले की क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या लागतात. शेजारी पेपर मिल कॉलनी, पलीकडे महानगर, आणि राज्याच्या प्राथमिक शिक्षण खात्याचा संसार सांभाळणारे विद्याभवनही याच भागात. बदलीवर लखनौत आलेला मराठी अधिकारी असो की नोकरी-व्यवसायासाठी येथे बिऱ्हाड केलेले कुटुंब, पहिल्या पावसाळ्यातच त्यांना एक प्रश्न पडतो. गल्लीतले गटार तुंबले, तर अंतिम जबाबदारी कोणाची? महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला महापौर म्हणजे सभागृहाचा मानकरी एवढेच ठाऊक असते. लखनौत मात्र महापौराला शहरातील मतदार थेट मत देऊन निवडतात. तेव्हा येथील महापौर खरा कारभारी असणार, असा त्याचा समज होतो. तो समज फार काळ टिकत नाही.

उत्तर प्रदेशातील महापालिका १९५९ च्या कायद्यावर चालतात. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर या कायद्यात बदल झाले आणि १९९५ मध्ये डॉ. सतीशचंद्र राय थेट मतदानाने लखनौचे महापौर झाले. त्यांच्यामागून २००६ मध्ये दिनेश शर्मा, २०१७ मध्ये संयुक्ता भाटिया आणि २०२३ मध्ये सुषमा खर्कवाल यांना शहराने निवडले. एका लोकसभा मतदारसंघाहून मोठा मतदारवर्ग ज्या पदासाठी मत देतो, त्या पदाच्या हाती प्रत्यक्षात काय आहे? महापौर सभागृहाचे अध्यक्ष असतात. सभागृहातून निवडलेल्या १२ सदस्यांच्या कार्यकारिणी समितीचेही ते अध्यक्ष असतात. पण कार्यकारी अधिकार कायद्याने सोपवला आहे तो नगर आयुक्तांकडे. या आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते आणि बदलीही राज्य सरकारच करते. म्हणजे कौल मागणारा एक, ठराव करणारे बारा आणि अंमल करणारा तिसराच. शिवाय त्या बारांपैकी सहा सदस्य दरवर्षी निवृत्त होऊन नवे येतात. मंडळाचे डोळे कामाला सरावतात न सरावतात तोच अर्धे मंडळ बदललेले असते.

एकाच्या हाती सत्ता असावी की मंडळाच्या, हा वाद राज्यशास्त्राच्या वर्गात रंगतो तेव्हा दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात : सत्ता या दोहोंपैकी कोठेतरी आहे. लखनौत हे गृहीतच तपासून घ्यावे लागते. निशातगंजापासून फार दूर नसलेल्या, कुकरैल नाल्याकाठच्या अकबरनगरचे उदाहरण ताजे आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या, सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी घरांची बाब लक्षात घेऊन पाडकामात हस्तक्षेप नाकारला आणि जून २०२४ मध्ये ही वस्ती उठवली गेली. घरे पाडणे योग्य होते की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. येथे पाहायचे ते इतकेच, की हे काम लखनौ विकास प्राधिकरणाने केले आणि ते प्राधिकरण १९७३ च्या स्वतंत्र कायद्याखाली राज्य सरकारला उत्तर देते. शहराच्या पोटातून हजारो माणसे हलवण्याचा निर्णय ज्या मेजावर झाला, तेथे लोकांनी निवडलेल्या महापौराची सही लागत नव्हती आणि कार्यकारिणीचा ठरावही लागत नव्हता. एक आणि अनेक, दोघेही बाहेरच्या दालनात बसलेले.

या प्रश्नात एका मराठी माणसाने घेतलेली भूमिका येथील मराठी वाचकांना आठवत असेल. राम नाईक २०१४ ते २०१९ या काळात उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. महापौरांवर कारवाई करण्याचा अधिकार राज्य सरकारला देऊ पाहणारे महापालिका दुरुस्ती विधेयक २०१५ मध्ये त्यांच्यापुढे आले आणि त्यांनी ते रोखून धरले. नगरविकासमंत्री आझम खान संतापले. मार्च २०१६ मध्ये त्यांनी विधानसभेत राज्यपालांवर केलेल्या टीकेचा वृत्तांत राजभवनाने अध्यक्षांकडून मागवला, इथवर गोष्ट गेली. त्या वेळी राज्यातील १२ पैकी १० महापौर भारतीय जनता पक्षाचे होते आणि सरकार समाजवादी पक्षाचे. त्यामुळे वादाला पक्षीय रंग होता, हे कबूल करायलाच हवे. तरीही मुद्दा पक्षापलीकडचा आहे. लोकांनी निवडलेल्या माणसाला लखनौच्याच दुसऱ्या एका इमारतीतील मंत्री काढू शकत असेल, तर महापौर हा मंत्र्याचा हाताखालचा माणूस ठरतो. हाच मसुदा दुसऱ्या पक्षाच्या सरकारने आणला असता तर आजचे टीकाकार गप्प बसले असते आणि आजचे समर्थक ओरडले असते, हेही तितकेच खरे.

मुंबईला हा वाद दीडशे वर्षांपूर्वी भोवला होता. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती शहराचा जवळपास एकतंत्री कारभार आला. त्यांनी शहर सुधारले, बाजार उभारला, पण पैसाही असा उधळला की १८७१ मध्ये करदाते पेटून उठले. एका माणसाला काढा आणि मंडळ नेमा, ही मागणी तेव्हा सर्वांत लोकप्रिय होती. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्या प्रवाहाविरुद्ध उभे राहून वेगळी मांडणी केली. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या, दोष एकाकडे अधिकार असण्याचा नाही, त्याच्यावर निवडून आलेल्यांचा अंकुश नसण्याचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला, आणि १८८८ च्या कायद्याने महापालिका, स्थायी समिती व आयुक्त अशी तीन अधिकारस्थाने ठरवली. मेहतांचे निदान बरोबर होते. त्यांच्या काळात आयुक्त सरकारचा असणे अपरिहार्य होते. स्वतंत्र भारतात ती अपरिहार्यता उरली नाही, पण व्यवस्था तशीच उरली. तिचा कळस मुंबईने मार्च २०२२ नंतर पाहिला. महापालिकेची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका एका प्रशासकाच्या सहीवर चालली. क्रॉफर्ड यांच्या काळी निदान न्यायाधीश-पंचांचे मंडळ तरी समोर होते.

मंडळाच्या बाजूनेही मराठी इतिहासात साक्ष आहे, आणि ती अधिक बोलकी आहे. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथरावांच्या एकहाती सत्तेविरुद्ध पुण्यात बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला. चाळीस दिवसांच्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि राज्य मंडळाने चालवले. संकटकाळी मंडळाने राज्य वाचवले, यात शंका नाही. पण पुढे काय झाले? १७७८ मध्ये मोरोबा फडणीस यांनी उलट उठाव केला, तो मोडला. त्यानंतर सखारामबापू कैदेत गेले. १७८२ चा सालबाईचा तह झाला तोवर बारभाईंचे नाव उरले होते आणि कारभार नानांचा झाला होता. मंडळात पहिला मतभेद मिटवण्याची कायदेशीर रीत नसेल तर सर्वांत चिवट माणूस इतरांना गिळतो, हे त्यातून दिसते. शिवछत्रपतींचे अष्टप्रधान याला अपवाद वाटतात, पण ते राजाच्या मर्जीने नेमलेले सल्लागार आणि अंमलदार होते. निर्णय छत्रपतींचा होता आणि जबाबदारीही त्यांचीच होती.

आधुनिक महाराष्ट्राने मात्र या प्रश्नाशी फुगडी खेळली आहे. नगराध्यक्ष २००१ मध्ये थेट लोकांतून निवडले, २००६ मध्ये ती पद्धत गुंडाळली, २०१६ मध्ये पुन्हा आणली, २०२० मध्ये पुन्हा रद्द केली आणि २०२२ मध्ये परत स्वीकारली. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या मतदारांनी याच पद्धतीने नगराध्यक्ष निवडले. प्रत्येक वळणाला तत्त्वाची भाषा होती. ज्याला थेट निवडणुकीत आपला माणूस निवडून येण्याची खात्री वाटली त्याने थेट निवड मागितली, ज्याला नगरसेवक जमवणे सोपे वाटले त्याने नगरसेवकांमधून निवड मागितली. महापालिकांच्या बाबतीत तर प्रयोग रुजण्यापूर्वीच उपटला गेला. युती सरकारने १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषद आणली, १९९९ मध्ये सरकार बदलल्यावर ती रद्द झाली. स्थायी समितीत विरोधकांना जागा असते, परिषदेत ती नव्हती, हा आक्षेप रास्त होता. पण तो दुरुस्त करण्याऐवजी सगळीच व्यवस्था मागे घेतली गेली आणि आयुक्तांच्या हातचे अधिकार आयुक्तांच्याच हाती राहिले.

शेजारी मध्य प्रदेश आहे. इंदूरमध्ये मराठी वस्ती जुनी, त्यामुळे तेथील अनुभव लखनौच्या मराठी माणसाला परका वाटू नये. तेथे महापौर थेट निवडला जातो आणि तो नगरसेवकांमधून आपली परिषद नेमतो. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारने थेट निवड मोडीत काढली होती. त्या पद्धतीने निवडणूक होण्यापूर्वीच सरकार गेले, आणि २०२२ मध्ये थेट मतदान झाले. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सातत्याने आघाडीवर राहिले. त्याचे सारे श्रेय या पद्धतीला देणे भाबडेपणाचे होईल, कारण तेथेही कर्तबगार आयुक्तांचा वाटा मोठा आहे. कोलकात्याने १९८० च्या कायद्याने दुसरी वाट घेतली. तेथे महापौर नगरसेवक निवडतात, पण त्याची परिषद खरोखर कारभार करते आणि आयुक्त तिच्या हाताखाली असतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. महापौराला नावाने बोलावून जाब विचारता येतो आणि त्याला ‘माझ्या हातात काही नाही’ असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या अहवालात हेच सुचवले होते : महापौर थेट निवडावा, तोच कार्यकारी प्रमुख असावा आणि त्याने निवडून आलेल्या सदस्यांमधून आपले मंडळ नेमावे. उत्तर प्रदेशाने यातील पहिला तुकडा घेतला आहे आणि उरलेले दोन सोडून दिले आहेत. थेट निवडीचा मान दिला, पण किल्ली दिली नाही. हे अर्धवट औषध काही बाबतींत निवड न देण्याहून वाईट ठरते. मतदार महापौराला दोष देतो, महापौर आयुक्तांकडे बोट दाखवतात, आयुक्त शासनाच्या आदेशाचा दाखला देतात आणि शासन पुढच्या निवडणुकीत महापौरासाठी मते मागायला येते.

म्हणून लखनौपुरता विचार करायचा तर अंमलाचा अधिकार एकाकडे द्यावा, पण तो एक लोकांनी निवडलेला महापौर असावा. आयुक्तांनी त्याच्या हाताखाली काम करावे आणि त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात महापौराच्या मताला वजन असावे. कार्यकारिणीच्या बारा सदस्यांकडे अंमल न देता हिशेब मागण्याचे काम द्यावे, त्यांची मुदत महापौराच्या मुदतीइतकी करावी आणि लेखापरीक्षणाचे अध्यक्षपद विरोधी गटाकडे द्यावे. महापौराला दूर करायचे झाले तर तो अधिकार सभागृहाच्या मोठ्या बहुमताकडे आणि पुन्हा मतदारांकडे असावा, मंत्रालयाकडे नव्हे. एकाच्या हाती अधिकार गेला की हुकूमशाही येते, ही भीती खोटी नाही. पण निशातगंजातील रहिवाशापुढे आज जो एक अधिकारी आहे, त्याला त्याने निवडलेले नाही आणि तो त्याला काढूही शकत नाही. विकास प्राधिकरणाचा प्रश्न याहून अवघड आहे. ते महापालिकेच्या अखत्यारीत आणायचे तर १९७३ चा कायदा बदलावा लागेल आणि जमिनीवरचा ताबा सोडायला कोणतेही राज्य सरकार सहजी तयार होत नाही. समाजवादी नाही, बहुजन समाज नाही आणि भाजपही नाही.

लखनौच्या महापौरपदाची पुढील निवडणूक २०२८ मध्ये व्हायची आहे. १९५९ च्या कायद्यातील बदलासाठी विधिमंडळाला त्याआधी पुरेसा अवधी आहे. बदल झाला नाही, तर ११० प्रभागांतले मतदार पुन्हा एकदा रांगेत उभे राहून महापौर निवडतील, आणि तुंबलेल्या गटाराचा अर्ज लालबागेतल्या मुख्यालयात नगर आयुक्तांच्याच नावाने जाईल.